उरू : एका खेळनगरीचा अस्त

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या उत्तर काठी ग्वारीघाट आहे. संध्याकाळी येथे नर्मदेची आरती होते. यात्रेकरू पानांच्या द्रोणांत दिवे लावून ते प्रवाहात सोडतात. पैलतीरावर गुरुद्वारा आहे, आणि तेथे जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावाडी नदीपार करतात. पुजारी, फुलवाले, परिक्रमेस निघालेले साधू, शहरातून हवा खाण्यास आलेली कुटुंबे अशा सर्वांचा हा घाट आहे. पायऱ्यांची डागडुजी कोणते तरी खाते करीत असेल. परंतु घाटच बंद करून टाकावा, असा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही.

याच घाटावरून एकेकाळी एक लहान रेल्वेगाडी जात असे. जबलपूर आणि गोंदिया यांना जोडणारा तो नॅरोगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने घातला होता. त्या मंदगती गाडीत बसणाऱ्यांचा परस्परांशी परिचय होई, बाकावर जागा राखली जाई, शिदोऱ्या सोडल्या जात. २०१५ साली जबलपूरहून सुटणारी ही गाडी कायमची थांबली. मार्गाच्या रुंदीकरणासाठी ते आवश्यक होते, आणि पुढे मोठी गाडी आलीही. तथापि डब्यात जमणारी ती मंडळी मात्र विखुरली. गाडी रेल्वेची होती. सोबत प्रवाशांची होती. रेल्वेने जे थांबविले ते तिच्या मालकीचे होते, पण त्याबरोबर जे थांबले ते तिच्या मालकीचे नव्हते.

घाट आणि गाडी यांमधील हा फरक ध्यानात ठेवला, तर संगणकाच्या युगातील एक चमत्कारिक वाटणारी घटना समजणे सोपे जाते. ही घटना म्हणजे ‘उरू’ नावाच्या एका खेळाचा अंत. एक खेळ बंद पडतो आणि चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसे डोळ्यांत पाणी आणतात, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नाही.

कोड्यांचे बेट

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराजवळ सायॅन नावाची एक लहान कंपनी आहे. रँड मिलर आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी तेथे १९९३ साली ‘मिस्ट’ नावाचा खेळ तयार केला. त्या काळी संगणकावरील खेळ म्हटले की उड्या, गोळीबार आणि गुण मोजणे असे समीकरण असे. मिस्टमध्ये यांपैकी काहीही नव्हते. खेळणारा एका निर्जन बेटावर येऊन पोहोचतो. तेथे एक ग्रंथालय असते, काही विचित्र यंत्रे असतात, आणि पूर्वी येथे कोण राहत होते याच्या खुणा विखुरलेल्या असतात. घाई करण्याचे कारण नसते. मरणाची भीती नसते. पाहावे, ऐकावे, टिपून ठेवावे आणि विचार करावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. या खेळाच्या साठ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २००२ साली ‘द सिम्स’ या खेळाने त्याला मागे टाकीपर्यंत घरगुती संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ हा मान त्याच्याकडे होता.

मिस्टच्या कथेच्या मुळाशी एक सुंदर कल्पना आहे. डनी नावाची एक प्राचीन जमात भूगर्भातील प्रचंड गुहेत नगर वसवून राहत होती. तिला एक विद्या अवगत होती. विशिष्ट पुस्तकात एखाद्या जगाचे वर्णन लिहावे, आणि त्या पुस्तकाच्या पानावरील चित्राला हात लावताच लावणारा त्या जगात जाऊन उभा राहावा, अशी ती विद्या. वाचनप्रेमी माणसाला ही कल्पना का भावली असेल, हे सांगण्याची गरज नाही.

मिस्टमध्ये खेळणारा एकटा असे. पुढे इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सायॅनने असा विचार केला की, या लुप्त नगरीत अनेकांना एकाच वेळी फिरता आले तर? अनेक वर्षांच्या परिश्रमांतून ‘उरू’ सिद्ध झाला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये यूबिसॉफ्ट या प्रकाशकाने तो बाजारात आणला. डनींच्या काल्पनिक भाषेत ‘उरू’ म्हणजे मोठा मेळावा, जनसमुदाय. कन्नड भाषेत ‘ऊरु’ म्हणजे गाव, हे बेंगळूरुच्या नावावरून आपल्याला ठाऊक आहे. हा निव्वळ योगायोग होय. परंतु पुढील हकीकत पाहता तो अर्थपूर्ण वाटतो.

खेळ की गाव?

उरूचा एक भाग एकट्याने खेळावयाचा होता. दुसरा भाग इंटरनेटवरून सामुदायिक रीतीने खेळावयाचा होता, आणि त्याची केवळ पूर्वतयारी म्हणून निमंत्रितांसाठी चाचणी चालू होती. या दुसऱ्या भागाची रचना समजून घेतली पाहिजे.

प्रत्येक खेळणाऱ्याला पडद्यावर एक मानवी रूप मिळे. त्याला ‘अवतार’ म्हणतात. प्रत्येकाचे स्वतःचे एक छोटे बेट असे, आणि त्यावरील झोपडीत पुस्तकांचे एक कपाट असे. जे पुस्तक मिळवावे त्या जगाचे दार उघडावे, अशी योजना होती. त्याखेरीज मित्रमंडळींच्या एकेका गटासाठी एकेक वस्ती होती. वस्तीत कारंजे होते, बसण्यास जागा होती, चर्चेसाठी दालन होते. या सर्वांच्या पलीकडे भूगर्भातील मुख्य नगर होते आणि तेथे कोणालाही कोणीही भेटू शकत असे.

कथानक असे होते की, ओसाड पडलेल्या या नगरीचा जीर्णोद्धार करण्यासाठी एक मंडळ नेमलेले आहे आणि खेळणारे हे त्याच्या हाकेला प्रतिसाद देऊन आलेले लोक आहेत. मंडळाचे सदस्य म्हणून कंपनीची माणसे अवतार धारण करून नगरात वावरत, नवीन विभाग खुले करीत, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. लोक त्यांच्यावर टीका करीत, त्यांची बाजू घेत, त्यांच्या हेतूंविषयी शंका काढीत. गावात नगरपालिकेविषयी जे बोलले जाते, तेच येथे घडत होते.

काही कोडी मुद्दाम अशी रचलेली होती की ती सोडविण्यास सोबत लागावी. पुढे २००७ साली आलेल्या आवृत्तीतील एका बागेचे उदाहरण घेऊ. या बागेत एक बंद दार आहे. ते उघडण्यासाठी निरनिराळ्या जागी टांगलेल्या सात वस्त्रांना ठरावीक क्रमाने आणि थोड्याच अवधीत स्पर्श करावा लागतो. एकट्याने धावपळ करून ते साधणे जवळजवळ अशक्य असते. मात्र प्रत्येक वस्त्रापाशी एकेक जण उभा राहिला आणि क्रम चुकला नाही, तर दार उघडते. हे काम बळाचे नाही, बुद्धीचेही फारसे नाही; ते परस्परांवर भरवसा ठेवण्याचे आहे. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानेही नवख्याला ते लगेच सांगू नये, त्याला शोधण्याचा आनंद घेऊ द्यावा, असा शिष्टाचार या मंडळींत आपोआप रूढ झाला होता.

शेवटची रात्र

४ फेब्रुवारी २००४ रोजी जाहीर करण्यात आले की, सामुदायिक खेळ पुढे चालविला जाणार नाही. वर्गणीदारांची अपेक्षित संख्या खर्चाला पुरेशी ठरणार नाही, असे त्यामागील कारण होते. कथानकातही तसाच शेवट घडविण्यात आला: निधी संपल्यामुळे जीर्णोद्धार मंडळाने काम आवरले आणि सर्वांनी गुहा सोडून जावे असे ठरले. खोटे आणि खरे यांच्यातील सीमारेषा या ठिकाणी पुसून गेली. नगरी ज्या कारणाने ओसाड झाली, तेच कारण तिच्या बाहेरच्या जगातही खरे होते.

मध्ये केवळ काही दिवसांचा अवधी होता. ९ फेब्रुवारीच्या रात्री सर्व्हर, म्हणजे ज्याच्यावर ही सामायिक नगरी नांदत होती ते मध्यवर्ती संगणक, बंद व्हावयाचे होते. निरनिराळ्या देशांतील माणसे आपापल्या घड्याळांकडे पाहत त्या रात्री नगरीत जमली. ‘द गॅदरिंग ऑफ उरू’ नावाच्या गटातील मंडळी आपल्या वस्तीत एकत्र आली. त्यांनी गप्पा मारल्या, विनोद केले, आपले अवतार वर्तुळात हातांना हात लागतील इतके जवळ उभे केले. ठरलेली घटका भरली, तेव्हा पडदे थिजले. इंटरनेटच्या जोडणीत काही बिघाड झाला आहे, अशा अर्थाची ठरावीक सूचना उमटली आणि तिच्याखाली ‘ओके’ असे लिहिलेले बटण आले. ते बटण दाबणे आपल्याला जड गेले, कारण काहीच ‘ओके’ नव्हते, असे त्यांच्यापैकी एकाने नंतर सांगितले.

या गटाचा अभ्यास सेलिया पिअर्स या संशोधिकेने केला आणि २००९ साली एमआयटी प्रेसने तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिचे निष्कर्ष रूढ समजुतींना धक्का देणारे आहेत. संगणकावर खेळणारा म्हणजे पोरसवदा मुलगा, असे आपण धरून चालतो. या गटात स्त्रिया व पुरुष जवळजवळ सारख्या प्रमाणात होते आणि बहुतेकांची वये चाळिशी-पन्नाशीतील होती. काही सभासद शारीरिक व्याधींनी जखडलेले होते. अवताराच्या रूपाने त्यांना धावता-फिरता येत होते. अशा माणसाच्या दृष्टीने नगरी बंद होणे म्हणजे करमणुकीचे साधन जाणे नव्हे. त्याचे बाहेर पडणेच बंद होते.

निर्वासितांचा प्रवास

नगरी गेली, माणसे मात्र पांगली नाहीत. गटातील मंडळींनी टपाल व संदेश यांच्या द्वारे परस्परांना धरून ठेवले आणि शेकडोंच्या संख्येने ती ‘देअर’ नावाच्या दुसऱ्या एका आभासी जगात जाऊन राहिली. काही जण ‘सेकंड लाइफ’ या तिसऱ्या जगात गेले. ही मंडळी स्वतःला ‘उरूचे निर्वासित’ म्हणवून घेत.

हा शब्द जपून वापरावयास हवा. ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. ते १९९० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात शेतीवाडी, घरे, देवळे यांसह कितीतरी गावे बुडाली. तेथून उठलेल्या माणसांची भाकरी गेली. उरूच्या रहिवाशांची भाकरी गेलेली नव्हती. संगणक बंद करून ते आपल्या घरात जेवावयास बसू शकत होते. ही दोन दुःखे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा एका बाबतीत साम्य आढळते. नव्या जागी गेलेली माणसे प्रथम काय उभारतात, हे पाहिले म्हणजे ते ध्यानात येते.

‘देअर’मध्ये या नवागतांचे स्वागत झाले नाही. एवढी माणसे एकदम आल्याने तेथील सर्व्हरवर ताण पडला, हालचाली मंदावल्या, आणि जुने रहिवासी कुरकुरू लागले. गटाला एकाहून अधिक वेळा जागा बदलावी लागली. अखेर एक बेट त्यांच्या हाती आले. तेथे त्यांनी उरूच्या वस्तीतल्यासारखे कारंजे उभे केले आणि पूर्वीप्रमाणे त्याच्याभोवती जमू लागले. सेकंड लाइफमध्ये गेलेल्यांनी डनी नगरीचे भागच्या भाग नव्याने रचले. हळूहळू त्यांचे शिल्प, पोशाख व खेळ यांना नव्या जगातील इतर लोकही मान देऊ लागले. जे पूर्वी दुसऱ्याने बांधलेल्या नगरीत कोडी सोडवीत होते, ते आता स्वतः बांधणारे झाले. पुढे मार्च २०१० मध्ये ‘देअर’ही बंद पडले आणि काही काळाने पुन्हा उघडले. पण तोपर्यंत या मंडळींना घर हलविण्याचा सराव झालेला होता.

याच सुमारास सायॅनने, म्हणजे २००४ सालीच, न वापरले गेलेले नगरीचे काही भाग एकट्याने खेळण्यासाठी लोकांना मोफत दिले. ज्या चौकात शेकडो माणसे भेटली असती, तेथे आता एकटाच अवतार फिरू शकत होता. रस्ते, कमानी, तळे सारे जसेच्या तसे होते. जे उणे होते, त्यावरून नगरी कशाची बनलेली असते याचे उत्तर मिळत होते.

असे खेळ बंद का पडतात?

या ठिकाणी वाचक विचारील की, इतकी जिव्हाळ्याची गोष्ट टिकली का नाही? त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण कोड्याच्या स्वभावात आहे. कबड्डीचे मैदान एकदा आखले की त्यावर वर्षानुवर्षे डाव रंगतात, कारण नवलाई मैदानात नसून प्रतिस्पर्ध्यात असते. लढाईच्या ऑनलाइन खेळांचे असेच आहे. कोड्याचे तसे नाही. ते एकदा सुटले की संपले. दिवाळी अंकासाठी संपादक मंडळ वर्षभर खपते आणि वाचक तो चार रात्रींत वाचून काढतो. तसे कलावंत अनेक महिने राबून एक जग निर्माण करीत आणि खेळणारे ते काही दिवसांत उलगडून पुढच्याची वाट पाहत. पुढचे वेळेवर आले नाही तर वर्गणीदार गळतात, आणि वर्गणीदार गळाले तर पुढचे घडविण्यास पैसा उरत नाही. या दुष्टचक्रातून कोड्यांच्या सामुदायिक खेळाला सहसा सुटका नसते.

दुसरे कारण सर्व्हरचे आहे. पुस्तक विकले की प्रकाशकाचा खर्च संपतो. प्रत वाचकाच्या कपाटात राहते. ऑनलाइन खेळाचे निम्मे अंग खरेदीदाराकडे आणि निम्मे मालकाच्या सर्व्हरवर असते. ते चालू ठेवण्यास जागा, वीज, देखरेख आणि माणसे लागतात, आणि हा खर्च खेळणारे दहा असोत की दहा हजार, रोज होतच राहतो. मालकाने सर्व्हर बंद करताच खरेदीदाराच्या हातातील अर्धे अंग निरुपयोगी ठरते. स्वतः सायॅनची अवस्था काही निराळी नव्हती. सप्टेंबर २००५ मध्ये तिने जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांना निरोप दिला होता. सुदैवाने काही आठवड्यांतच बहुतेकांना परत बोलाविता आले.

किल्ल्या कोणाकडे?

उरूची कथा २००४ साली संपली नाही, आणि हाच तिचा सर्वांत बोधप्रद भाग होय. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सायॅनने रसिकांना स्वतःच्या खर्चाने लहान सर्व्हर चालविण्याची मुभा दिली. नवीन काही निर्माण होणार नव्हते, परंतु जुनी दारे पुन्हा उघडली. या स्वयंसेवकांच्या चिकाटीमुळे खेळाला मागणी आहे हे दिसून आले. टर्नर ब्रॉडकास्टिंगच्या गेमटॅप या सेवेने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘मिस्ट ऑनलाइन’ या नावाने तो समारंभपूर्वक पुन्हा सुरू केला. एक वर्षही उलटते न उलटते तोच, ४ फेब्रुवारी २००८ रोजी पुन्हा बंदची घोषणा झाली. चार वर्षांपूर्वीची तारीख तीच होती. एप्रिलमध्ये नगरी दुसऱ्यांदा अंधारली.

त्यानंतर सायॅनने खेळाचे हक्क परत मिळविले. त्याला नव्याने पोसण्याइतके द्रव्य तिच्यापाशी नव्हते. तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये तिने तो सर्वांसाठी विनामूल्य खुला केला आणि सर्व्हरचा खर्च रसिकांच्या ऐच्छिक देणग्यांवर सोपविला. २०११ साली तर खेळाच्या यंत्रणेची मूळ आज्ञावलीच कोणालाही पाहता, वापरता व सुधारता यावी अशा परवान्याखाली तिने प्रसिद्ध केली. पुढील काळात रसिकांनी स्वतः रचलेली नवी जगे सायॅनच्या सर्व्हरवरही समाविष्ट झाली. मालकाने जे एकट्याने पेलले नाही, ते वापरणाऱ्यांच्या हाती किल्ल्या दिल्यावर तगले.

सर्वच खेळांच्या नशिबी हे येत नाही. आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून ११८ मोबाइल उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत ‘पब्जी मोबाइल’ हा अत्यंत लोकप्रिय खेळ होता, आणि ३० ऑक्टोबर रोजी भारतातील खेळणाऱ्यांसाठी त्याची सेवा थांबली. बंदीचे कारण योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. परंतु त्या खेळात ज्यांनी मैत्र जोडले होते त्यांना एका रात्रीत परस्परांना शोधण्याची वेळ आली. युरोपात यूबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. त्यातून ग्राहकांची एक चळवळ उभी राहिली. खेळ कायम चालू ठेवा असे तिचे म्हणणे नाही. बंद करताना तो घेणाऱ्यांना आपापल्या परीने चालविता येईल अशा अवस्थेत ठेवा, एवढीच तिची मागणी आहे. जुलै २०२५ पर्यंत या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्यानुसार तेथील विक्रेत्याला आता स्पष्ट सांगावे लागते की, ग्राहक अशी वस्तू विकत घेत नसून ती वापरण्याचा परवाना घेत आहे.

या सर्व प्रश्नांचा गाभा एकच आहे. माणसे ज्या जागेत जमतात, ती जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर तिच्यावर त्यांचा काही हक्क पोहोचतो काय? कायद्याने याचे उत्तर अद्याप पुरते दिलेले नाही. उरूच्या उदाहरणावरून एवढे मात्र म्हणता येते की, मालकाचे नुकसान न होता किल्ल्या सोपविणे शक्य असते. त्यासाठी लागते ती निरोप घेण्याची रीत आणि थोडी आस्था. आजही भूगर्भातील त्या नगरीचे दार उघडे आहे. कोणीही मोबदला न देता तेथे जाऊ शकतो, आणि नवख्याला उत्तर न सांगता वाट दाखविणारे कोणी ना कोणी तेथे भेटते.

ग्वारीघाटावर संध्याकाळी सोडलेले दिवे काही अंतरावर जाऊन विझतात. दुसऱ्या दिवशी नवे दिवे घेऊन माणसे त्याच पायऱ्यांवर येतात, कारण पायऱ्या त्यांच्यासाठी मोकळ्या असतात.